आईनं दडवलेलं दुखणं

"जरा जोरात खोका," डॉक्टरबाई म्हणाल्या. मी खोकले. हातमोजे काढत त्यांनी सांगितलं, "याला स्ट्रेस युरिनरी इन्कॉन्टिनन्स म्हणतात."

म्हणजे खोकताना, शिंकताना, हसताना, वजन उचलताना पोटावर दाब येतो आणि लघवी आपोआप सुटते. ती धरून ठेवणारे ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडलेले असतात.

"घरात आणखी कोणाला आहे का असं?" त्यांनी विचारलं.

माझ्यासोबत आलेली आई लगेच म्हणाली, "नाही बाई."

मी सिहोऱ्याजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. पाच वर्षांपूर्वी मुलांना उड्या मारत गाणं शिकवत होते. एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमच्या साडीवर पाणी सांडलं." त्या दिवसापासून मी बसूनच गाणी म्हणू लागले. हे मी फक्त आईला सांगितलं होतं.

"पानी कमी पेत जाय," ती म्हणाली होती. "बायकाइचं असंच रायते. तुलेच काय नवाई हाय?"

मी ऐकलं. सकाळपासून अंगणवाडी सुटेपर्यंत घोटभर पाणीही प्यायचे नाही. मग जळजळ सुरू झाली, ताप येऊ लागला. शेवटी राजीनामा लिहिला आणि तो देण्याआधी एकदा भंडाऱ्याला दाखवू म्हणून आले.

लघवी तपासली. इन्फेक्शन, म्हणजे जंतूंची लागण निघाली. साखर ठीक होती. डॉक्टरबाईंनी खोदून खोदून विचारलं. पहिलं बाळ वजनदार, प्रसूती लांबलेली, विसाव्या दिवशी डोक्यावर धानाचा भारा, कायमची बद्धकोष्ठता, वाढलेलं वजन. "यातल्या प्रत्येक गोष्टीनं थोडा थोडा धोका वाढतो," त्या म्हणाल्या. "आणि पाणी तोडणं हा इलाज नाही."

सोनोग्राफीसाठी बाहेर थांबलो. आईला शिंक आली. ती उठली तेव्हा बाकड्यावर ओल होती. तिनं घाईघाईनं पदरानं पुसली.

"कधीपासून?" मी विचारलं.

ती खाली बघत म्हणाली, "तुह्या भावाच्या येळेपासून."

भाऊ चौतीस वर्षांचा आहे! माझ्या बाळंतपणात तो भारा उचलून माझ्या डोक्यावर देणारी हीच होती. भारी वजनानं काय होतं, हे तिला स्वतःच्या अंगावरून कळलं होतं.

"मी तुलेच विचारलं होतं ना वं माय? मंग काहून नाही सांगितलं?"

"तुले सांगतलं असतं तं माही लाज गेली असती."

बसमध्ये मी तिच्यापासून दूरच्या सीटवर जाऊन बसले.

डॉक्टरबाईंनी जंतूंवर गोळ्या दिल्या होत्या आणि फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे पाठवलं होतं; त्यांनी व्यायाम शिकवला. गॅस सुटू नये म्हणून आपण जसं आत ओढून धरतो, तसं पाच आकडे मोजेपर्यंत धरायचं, मग पूर्ण सैल सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करताना मात्र हा व्यायाम करायचा नाही. महिनाभर काहीच फरक पडला नाही, मी चिडून दोन दिवस सोडूनही दिला. तिसऱ्या महिन्यात एकदा खोकले आणि कोरडी राहिले. राजीनामा चुलीत टाकला.

आईला मात्र मी त्या तीन महिन्यांत दवाखान्यात नेलं नाही. रागच होता. कबूल करते. नंतर नेलं, तर तिचं अंग, म्हणजे गर्भाशय, खाली उतरलेलं निघालं. डॉक्टरबाईंनी आत आधाराची रिंग बसवली. इतक्या वर्षांनी ती नातेवाइकाच्या लग्नात जेवायला बसली. तिचे गुडघे दुखतात म्हणून ती कुठं जात नाही, असं आम्ही समजत होतो.

बायांनो, ही लाजेची गोष्ट नाही, स्नायूंची आहे. लवकर दाखवा.

राग अजून पुरता गेलेला नाही. पण मागच्या महिन्यात वहिनी बाळंत झाली. विसाव्या दिवशी तिनं पाण्याचा गुंड उचलायला हात घातला. आईनं तिचा हात धरला. अंगणात शेजारणी बसल्या होत्या, तरी मोठ्यानं म्हणाली, "ठेव तो खाली. खोकलीस तं लघवी सुटते काय तुही? सुटत असन तं मले सांग. मले सुटे. चौतीस वर्सं सुटे."