खुराड्याची जाळी

कोल्ह्याचा मला राग नाही. त्याला भूक लागली, त्याने कोंबड्या खाल्ल्या. राग आहे तो माणसांचा, आणि त्यातलं एक माणूस मी स्वतःच आहे. म्हणून हा राग कुठे नेऊन टाकताही येत नाही.

पांढरकवड्यापासून बऱ्याच आत आमचं गाव. घर गावाच्या कडेला, आणि मागच्या अंगणाला लागूनच आमचं कपाशीचं वावर. कपाशी कमरेएवढी झाली की कोल्ह्याला भरदिवसाही लपायला जागा. दरवर्षी तो दोन-चार कोंबड्या न्यायचाच. आईच्या कोंबड्या हा घरात थट्टेचा विषय होता. बाबा विचारायचे, "काहो, तुमची पलटण जेवली का?" मग कापसाने लागोपाठ दोन वर्षं दगा दिला आणि घरातलं तेल-मीठ, माझ्या वह्या, सगळं त्या पलटणीवर चालायला लागलं. थट्टा बंद झाली. कौतुक मात्र कोणी सुरू केलं नाही.

त्या उन्हाळ्यात मामाने जाळीचं भेंडोळं आणून दिलं. कुठलीशी पोल्ट्री बंद पडली होती, तिथली जाळी. आईने ती एकटीने खुराड्याभोवती लावली. हातभर खोल चर खणला, जाळी त्यात उतरवली, खालची कड बाहेरच्या बाजूला वाकवली आणि वर दगड-माती दाबली.

"एवढं कायले?" मी विचारलं.

"कोल्हा कुंपणाले खेटूनच उकरते. उकरलं का जाळी त्याच्या पायाखालीच येते. उकर म्हणा मंग."

सकाळी मातीवर नखांचे ओरखडे दिसायचे आणि कोंबड्या आत सुखरूप. आई मला हाताला धरून ते ओरखडे दाखवायला न्यायची. इतकी खूश मी तिला फार कमी वेळा पाहिली.

श्रावणात नीलगाईंचे कळप, आमच्याकडचे रोही, वावरात शिरून कपाशीचे कोवळे शेंडे खाऊ लागले. एका सकाळी बाबा खुराड्यापाशी येऊन उभे राहिले.

"थे जाळी वावरात लागते. नाल्याच्या कोपऱ्यातून रोही घुसून राह्यले. तेवढा कोपरा बंद करतो."

"अन् माह्या कोंबड्या?"

"पऱ्हाटीचा कूड घालून देतो. माह्या हातचा कूड तुले काही नवा हाय का?"

पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उपटलेली वाळकी झाडं. आमच्याकडे चुलीत तीच, भिंतीत तीच, कुंपणातही तीच. आणि बाबांसारखा कूड गावात कोणी विणत नव्हतं, हे खरंच होतं. आईने त्यांना नाही म्हटलं नाही. ती माझ्याकडे वळली. मी दहावीत होते, म्हणजे घरातली सगळ्यात शिकलेली.

"तू सांग वं. देऊ का?"

"दे ना. पीक मोठं का कोंबड्या?" मी म्हटलं. पुस्तकातून डोकंसुद्धा वर काढलं नाही.

बाबांनी जाळी उपटून नेली. कूड त्यांनी सुरेख विणला, शेणामातीने लिंपला. पण काड्या जमिनीत जेमतेम वीतभर गेल्या होत्या. "बुडाशी गोटे लावा," आई दोन-तीनदा म्हणाली. लावतो म्हणाले, तेवढ्यात निंदणाचे दिवस आले. पावसात काड्यांची बुडं कुजली. वरून कूड होता तसाच देखणा दिसत होता.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी आम्ही तिघं वावरात बोंडं फोडून बघत होतो. वरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी. बाबा पुढचं फोडत होते, त्याच्या पुढचं फोडत होते, आणि प्रत्येकात तेच. नाल्याच्या कोपऱ्यात जाळी ताठ उभी होती. रोही आत आले नव्हते. अळीला कोपरा लागत नाही.

दहाच्या सुमाराला घरी आलो. कूड जागच्या जागी होता. बुडाशी एक भोक होतं, जेवणाच्या ताटाएवढं. आत नुसती पिसं, आणि मान मोडून टाकलेल्या पाच-सहा कोंबड्या. अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी अंड्यांवरच मेली होती.

बाबा खाली बसले. "जाळी काढून आणतो," म्हणाले.

"आता कायले?" एवढंच आई बोलली. मग तिने कूड मोडायला घेतला. एकेक काडी उपसून चुलीपाशी नेली आणि दुपारचा भात त्या कुडावर शिजला. मी तो खाल्ला. भूक लागली होती, याची मला अजून लाज वाटते.

माझं ते वाक्य आईने पुढे कधीच काढलं नाही. एकदा भांडणात तरी तोंडावर फेकलं असतं, तर बरं झालं असतं.

आता मी यवतमाळात राहते. घरामागे सहा कोंबड्या आहेत. त्यांच्यासाठी मी हातभर चर खणून जाळी पुरली, तेव्हा शेजारीण हसली होती. मागच्या उन्हाळ्यात आई आली. गुडघे धरत खुराड्यापाशी बसली, बोटांनी माती उकरली, आणि बाहेर वाकवलेली कड हाताला लागल्यावर थांबली.

"बरी वाकवली," ती म्हणाली. माती तिने पुन्हा नीट दाबून बसवली. "पण इथं कोल्हा कुठं हाय, बाई?"