आमदारांसाठी वाजवलेली टाळी

आमचे आमदार माणूस भेटला की आधी त्याच्या आईचा गुडघा विचारायचे. कुणाच्या आईचा डावा, कुणाच्या आईचा उजवा, सगळं पाठ. मला बायकोचा वाढदिवस लक्षात राहत नाही.

आमदार हे आम्हीच पाडलेलं नाव. डेल्फ्टला शिकलेले इंजिनियर, टिलबर्गजवळ आमच्याच गावात राहतात. मी दहावी नापास. बायको आयटीत, तिच्या व्हिसावर इकडे आलो. सासरे फोनवर विचारतात, "जावई काय करतात?" ती सांगते, "थंडीची सवय करतायत." अजून तेच सांगते.

खरं तर एक काम करायचो. वस्तीतल्या जुन्या हॉलमध्ये दर रविवारी आपल्या लोकांसाठी स्वयंपाक. "बाळूशेठ, मीठ बघा जरा," म्हणून तिथं लोक मला शोधत यायचे. बाकी आठवडाभर मला कोण विचारतंय? तर खमेन्तेनं, म्हणजे इथल्या नगरपालिकेनं, तोच हॉल पाडून फ्लॅट बांधायचं काढलं.

आमदार खमेन्तेच्या निवडणुकीला उभे राहिले. पक्षाच्या यादीत नाव पार तळाला. म्हणाले, "बाळूशेठ, खालून ढकलायचं काम तुमचं. मतपत्रिकेवर माझ्या नावापुढचा गोल लाल पेन्सिलीनं भरायला सांगा सगळ्यांना. हॉल माझ्यावर सोडा."

मी सायकल काढली. डच मला तेव्हाही येत नव्हतं. एका आजींना दारात आमदारांचा फोटो दाखवला, त्यांना वाटलं माणूस हरवलाय. बिचारीनं कॉफी पाजली आणि पोलिसांचा नंबर दिला.

पण आपल्या लोकांनी गोल भरले. आमदार निवडून आले, हॉलमध्ये जेवायला आले. वाटी पुढं करत म्हणाले, "ही आमटी खाल्लेला माणूस ह्या हॉलला कुणाला हात लावू देईल का?" मी अजून वाढली.

हॉलचा निकाल होता त्या दिवशी आम्ही सगळे खमेन्तेच्या सभेला गेलो, मागं बाकावर बसलो. बराच वेळ डचमध्ये काहीबाही चाललं. मग आमदारांनी हात वर केला. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच.

बायकोनं शर्ट ओढला. "खाली बस. हॉल पाडायच्या बाजूनं हात केलाय त्यांनी."

बाहेर आमदार आले. आपले लोक तोंड फिरवून सायकली काढत होते. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "पक्षानं ठरवलं होतं, बाळूशेठ, माझा इलाज नव्हता. तुम्ही एकट्यानं समजून घेतलंत."

तोंडावर चार शिव्या घालायच्या होत्या. तोंडातून निघालं, "दमला असाल, घरी जा."

हॉल पाडला. बाळूला यात काय मिळालं, याची आपल्या लोकांत अजून चर्चा आहे. मी सांगतो, मला डच कळत नाही. ते म्हणतात, मग दारोदार प्रचार कसा केलास? आमदार मात्र दिसले की सगळ्यांदेखत मिठी मारतात.

रविवारी आता मी घरीच असतो. दोघांपुरता स्वयंपाक मला जमत नाही. उरतोच.