हिंदुरावांचा दर

नोकरीतलं शेवटचं पोस्टिंग कोल्हापूरला आलं तेव्हा कबनूरच्या आमच्या घरी पेढे वाटले गेले. इतकी वर्षं बर्फ आणि वाळू खाल्ली, आता सुभेदारसाहेब घरचा तांबडा रस्सा खाणार, असं सगळ्यांचं म्हणणं. मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात मेजरसाहेबांनी मला रेट बोर्डावर बसवलं.

लोकांना वाटतं फौजेत नुसत्या गोळ्या चालतात. फौजेत कागदही चालतात. आमच्या युनिटकडे पूरकामाच्या बोटी होत्या. पावसाळ्याआधी त्यांची इंजिनं बाहेरच्या गॅरेजकडून सर्व्हिस करून घ्यायची, आणि पूर आला की त्याच गॅरेजचा मेकॅनिक काठावर हजर ठेवायचा, असं कंत्राट असे. गॅरेजवाले दर भरत, बोर्ड ते तपासून सर्वांत कमी दर मंजूर करी. बोर्डावर मेजरसाहेब, एक कॅप्टन आणि मी.

त्यात एक रीत होती. सर्वांत कमी दरवाल्याला समोर उभं करून विचारायचं, "और कम हो सकता है?" हे विचारावंच लागे, नाहीतर ऑडिटवाले मानगुटीवर बसत. कंत्राटदारांनाही सगळं पाठ. ते चेहरा पाडून "साहेब, परवडतच न्हाय की" म्हणत, आम्ही तसं लिहून घेत असू, चहा येई, सह्या होत. दर खाली आणायचा अधिकार आम्हाला होता, वर न्यायचा नव्हता.

त्या वर्षी सर्वांत कमी दर आला हिंदुराव चौगलेंचा. शिवाजी पेठेत त्यांचं गॅरेज. रिटायर्ड नाईक, उमेदीची सगळी वर्षं फौजेची इंजिनं खोलण्यात गेलेली. साठी उलटली होती, तरी साहेब समोर आला की टाचा आपोआप जुळत. त्यांचा दर बाकीच्यांच्या निम्मा होता, आणि तो बघून मला बरं वाटलं नाही. स्वस्त दिसलं की आधी खोट शोधायची, ही माझी जुनी सवय. शोधली तर मजुरीच्या रकान्यात शून्य.

"हिंदुराव, मजुरी शून्य कशी?"

"मी एकटाच हाय की साहेब. पेन्शन खातोय. पलटणीकडनं मजुरी घ्यायची म्हंजे काय?"

"आणि पुरात काठावर मेकॅनिक कोण उभा करणार?"

"मीच की."

त्यांना बाहेर बसवून मी म्हणालो की हा दर टिकणारा नाही, माणूस एकटा आहे, फेटाळूया. कॅप्टन म्हणाले, माजी सैनिकाला फेटाळून दुप्पट दर मंजूर केला, हे कोणत्या तोंडाने लिहायचं? हिंदुरावांना परत आत बोलावलं आणि मेजरसाहेबांनी रीतीप्रमाणे विचारलं, "चौगले, और कम हो सकता है?"

नाही म्हणा, नाही म्हणा, असं माझं मनातल्या मनात चाललं होतं. पण उभ्या जन्मात ज्याने मेजरला नाही म्हटलं नव्हतं, तो तेव्हा कुठून म्हणणार? टाचा जुळल्या.

"हुकूम, साहेब."

खिशातलं पेन काढून त्यांनी आणखी एक ओळ खोडली. मेकॅनिकसाठी लाइफ जॅकेट.

"पंचगंगेत वाढलोय साहेब. मला जॅकेट कशाला लागतंय?"

मेजरसाहेब दचकले. त्यांनी नुसती रीत पाळली होती, आणि समोरच्याने हुकूम पाळला होता. पण कंत्राटदाराने आपल्या माणसाला काय घालायचं हा त्याचा प्रश्न, असं नियमात होतं. दर मंजूर झाला. फेटाळूया म्हणालो होतो, पण सही मीही केली.

काम मात्र हिंदुरावांनी असं केलं की नाव ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक इंजिन पाण्याच्या बॅरलमध्ये बसवून बघायचे. दोरी ओढताना जोतिबाचं "चांगभलं" म्हणायचे. बोट टूचं इंजिन भलतं आडमुठं. ते फक्त त्यांच्याच हाताला दाद देई. पंजाबचा हवालदार बलबीर त्यांना हसायचा, "आपका ही सुनता है ये."

पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली दिसेनासा झाला आणि आम्हाला मूव्ह ऑर्डर आली. हिंदुराव आमच्याआधी काठावर हजर. खांद्यावर हत्यारांची पिशवी, पायात चप्पल. दुसऱ्या गॅरेजचा माणूस असता तर पाळी बदलली असती, यांची कोण बदलणार? तिसऱ्या दिवशी ते उभ्या उभ्या पेंगत होते. मी ओरडलो, घरी जा, दोन घास खा, पाठ टेका.

"जातो की साहेब," म्हणाले, आणि गेले नाहीत. पाणी चढतच होतं.

दुपारी बोट टूला एका घराच्या छतावर अडकलेली माणसं आणायची होती. इंजिन चालू होईना. मी कंट्रोलला वायरलेस सेटवर होतो, बोटीवर बलबीर.

"कंट्रोल, बोट टू. इंजन चल पड़ा. चौगले साब बोट में हैं. ओव्हर."

"बोट टू, सिव्हिलियन को उतारो. ओव्हर."

"उनके बिना फिर बंद होगा. छत पे बच्चे हैं. ओव्हर."

"उनके पास जॅकेट है? ओव्हर."

"जितने हैं, छतवालों के लिए हैं. वो ले नहीं रहे. ओव्हर."

"रॉजर," मी म्हणालो. छतावर पोरं होती, दुसरं काय म्हणणार?

पुढचं बलबीरने सांगितलं. माणसं घेऊन परतताना इंजिनाच्या पाण्याखालच्या पंख्यात उसाचा पाला गुंतला. इंजिन बंद, आणि धारेने बोट विजेच्या तारांकडे ओढली जाऊ लागली. हिंदुराव मागच्या कडेवरून वाकले, पाला कापून काढला, दोरी धरली, "चांगभलं" म्हणून ओढली. इंजिन लागलं. त्याच क्षणी वाहत आलेला ओंडका मागे आदळला.

सेटवर मला एवढंच ऐकू आलं.

"कंट्रोल, बोट टू. सब सेफ." मग नुसती खरखर. "चौगले साब नहीं हैं. ओव्हर."

बलबीरने माणसं काठाला लावली आणि अंधार पडेपर्यंत बोट फिरवली. पाणी उतरल्यावर हिंदुराव उसात सापडले. हत्यारांची पिशवी खांद्याला तशीच होती. पंचगंगेत वाढलेल्या माणसाला त्या वजनाने वर येऊ दिलं नाही. मला त्या रीतीचा राग आला, आजही येतो.

दुसऱ्या वर्षी रेट बोर्ड बसलं. सर्वांत कमी दरवाला चेहरा पाडून तयारच होता. मेजरसाहेबांनी मजुरीचा रकाना बघितला, जॅकेटची ओळ बघितली आणि काही न विचारता सही केली. ऑडिटचा आक्षेप त्यांनी अंगावर घेतला.

शहिदांच्या यादीत कंत्राटदाराचं नाव येत नाही. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, गेल्या पावसाळ्याआधी मी पंचगंगेच्या काठाने चाललो होतो. बोटींची ट्रायल सुरू होती. जवान सगळे नवे, मला ओळखणारा एकही नाही. एकाने इंजिनावर हात ठेवला, "चांगभलं" म्हटलं आणि दोरी ओढली. पहिल्याच दोरीला चालू.

मी विचारलं, "क्या बोला, बेटा?"

"मतलब पता नहीं, बाबा. ये बोट टू का इंजन है. इसको बोलना पड़ता है."

मी साध्या कपड्यांत होतो, पायात चप्पल होती. तरी टाचा जुळल्या.