पाढा अर्धा सोडायचा नाही

स्टुटगार्टला लेकीकडे आलेल्या वासुदेवरावांची एकच इच्छा होती: परत जाण्याआधी नातीनं आपल्याशी मराठीत बोलावं. सात वर्षांच्या स्वरालीला आजोबांचं सगळं कळायचं. उत्तर मात्र जर्मनमध्ये यायचं. पुण्याचं विमान पुढच्या आठवड्यात होतं.

तेवढ्यात शेजारच्या गल्लीत पाया खणताना महायुद्धातला बॉम्ब सापडला. तो निकामी करायचा मुहूर्त रविवारचा निघाला. इथे रविवारी भिंतीत खिळा ठोकला तरी शेजारी तक्रार करतात. बॉम्बला बहुधा सवलत असावी. सगळ्या वस्तीनं शाळेच्या जिमखान्यात जायचं होतं.

"बाबा, चला ना!" ऊर्मिला दारात उभी होती.

"एकाच युद्धासाठी माणसानं किती वेळा घर सोडायचं?" वासुदेवरावांनी बूट चढवले. "कुणाचा आहे म्हणे?"

"इंग्रजांचा."

"म्हणजे आमच्याच बाजूचा."

हे खरंच होतं. वासुदेवरावांचे वडील, अप्पा, लंडनजवळच्या क्रॉयडनमध्ये डॉक्टर होते आणि वासुदेवरावांचं बालपण तिथे परसात पुरलेल्या पत्र्याच्या खोपटात गेलं. भोंगा वाजला की आत शिरायचं. वर जर्मन विमानं, आत अप्पांचे पाढे. पोरांच्या भीतीवर त्यांच्याकडे एवढंच औषध होतं. नियम एकच: धोका टळल्याचा भोंगा झाला तरी पाढा अर्धा सोडायचा नाही.

शेजारच्या मिसेस प्रिचर्डना ती हिंदूंची प्रार्थना वाटली. त्यांची गल्ली शाबूत राहिली, तशी बाईंची खात्रीच पटली. एकदा अप्पा दमून गप्प बसले, तर कुंपणापलीकडून हाक आली, "डॉक्टर, आज प्रार्थना नाही?" अप्पा कट्टर नास्तिक. तरीही युद्ध संपेपर्यंत त्यांनी बाईंना खरं सांगितलं नाही.

जिमखान्यात पांघरुणं होती, सूप होतं, कुत्र्यांसाठी वेगळा कोपरा होता. स्वराली मात्र रडत होती. आपलं घर उडणार, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. ऊर्मिला समजावून थकली. वासुदेवरावांना दुसरं काही सुचेना.

"बे एके बे. बे दुणे चार..."

पहिल्या फेरीत स्वराली नुसतीच हुंदके देत होती. दुसऱ्या फेरीत मान डोलायला लागली. तिसऱ्या फेरीत "बे दाहे वीस" दोघांनी मिळून म्हटलं.

पलीकडच्या बाकावर खालच्या मजल्यावरचे म्हातारे हेफले बसले होते. त्यांचं बालपण याच शहरातल्या तळघरात गेलेलं. त्यांनी हळूच विचारलं, "प्रार्थना का?"

"नाइन," स्वरालीनं नाक पुसलं, "दास इस्ट माटे."

अप्पांना पाच वर्षांत जे सांगवलं नाही, ते तिनं एका वाक्यात उरकलं: नाही, हे गणित आहे. हेफले बाकावरून पुढे सरकले. मग म्हणाले, थांबू नका, बरं वाटतं ऐकायला.

बॉम्ब निकामी झाल्याची घोषणा झाली, तेव्हा आजोबा-नात सातावर होते. लोक उठले, पांघरुणांच्या घड्या पडू लागल्या.

"झालं बाई एकदाचं! चला, घरी," ऊर्मिलानं पिशवी उचलली.

वासुदेवरावांनी बोट वर केलं आणि नातीला अप्पांचा नियम सांगितला.

स्वरालीनं आईचा हात सोडवून घेतला. "थांब ना, आई! अजून सात दाहे राहिलंय."

तिचं मराठी ऐकून वासुदेवरावांना पुढचं आठवेना. ते तिनंच म्हटलं.