तुंबाताई

माझ्या मावशीला तिच्या प्लांटमध्ये सगळे तुंबाताई म्हणायचे. तोंडावर नुसतं ताई. तिला ते ठाऊक होतं आणि तिची हरकतही नव्हती, कारण कुठे काय तुंबलंय ते शोधून काढणं हीच तिची नोकरी होती. विहिरींमधून येणारा गॅस तिच्या प्लांटमध्ये साफ व्हायचा, दाबला जायचा आणि मोठ्या पाइपातून पुढे रवाना व्हायचा. तो हवा तेवढा पुढे जात नसेल, तर का जात नाही हे मावशीने सांगायचं.

कॉलेजच्या दिवसांत मी तिच्याकडेच राहत होते. घरात माणसं भरपूर आणि बाथरूम एक. सकाळी नुसती झुंबड उडायची. दुसरं बाथरूम बांधायचं असं मावशीच्या सासूबाईंनी ठरवूनच टाकलं होतं. मावशी चहाचा कप घेऊन दोन-तीन सकाळी पॅसेजमध्ये उभी राहिली. मग तिने बाथरूममधला आरसा काढला आणि पॅसेजच्या भिंतीवर लावला. आंघोळीला कुणालाच वेळ लागत नव्हता, वेळ जायचा तो आत भांग पाडण्यात आणि दाढीत. गर्दी ओसरली. सासूबाई मात्र चारचौघांत वेणी घालावी लागते म्हणून बरेच दिवस फुगून होत्या.

त्याच सुमारास प्लांटला नव्या विहिरी जोडल्या गेल्या. गॅस भरपूर होता, पण प्लांट तो घेईना. जास्त सोडला की गॅस दाबणारं यंत्र, म्हणजे कॉम्प्रेसर, धापा टाकायचा आणि बंद पडायचा. प्लांटच्या मोठ्या साहेबांचं मत पक्कं होतं: कॉम्प्रेसर लहान पडतोय, नवा मागवा. नवा यायला दोनेक वर्षं सहज लागली असती. तोवर एकदा पाहून घ्या, म्हणून त्यांनी मावशीला बोलावलं.

तिने आधी काही बदललं नाही. गॅस येतो तिथपासून तो बाहेर पडतो तिथपर्यंत तिने जागोजागी दाब मोजायची गेज बसवून घेतली आणि हेल्मेट घालून दिवसभर त्या पाइपांच्या कडेने हिंडत राहिली. संध्याकाळी घरी आली की पाय गरम पाण्यात बुडवून बसायची. आठवडाभराने तिला जागा सापडली. कॉम्प्रेसरच्या थोडंसं अलीकडे एक जुना व्हॉल्व्ह आणि त्याला लागून पाइपाचा एक तुकडा होता. प्लांट लहान होता तेव्हाचा, बाकीच्यांपेक्षा अरुंद. पुढे सगळं मोठं झालं, तेवढा तुकडा राहून गेला. गॅसचा दाब तिथेच गळून पडत होता. कॉम्प्रेसर बिचारा धडधाकट होता, त्याला पोटभर मिळतच नव्हतं.

प्लांट थोडे दिवस बंद ठेवून तो तुकडा बदलला. पुन्हा सुरू केल्यावर गॅस सरळ पुढे गेला, कॉम्प्रेसरने हूं की चूं केलं नाही. साहेब खूश झाले. वरच्या ऑफिसला त्यांनी कळवूनही टाकलं. मावशीचं सगळीकडे कौतुक झालं आणि त्या आठवड्यात ती घरात गुणगुणत वावरत होती.

मग गुणगुणणं थांबलं. जेवताना ती ताटाकडे बघत बसायची. शेवटी काकांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, विचारलं. काका शाळेत भूगोल शिकवायचे आणि प्लांटमधलं त्यांना ओ की ठो कळत नसे, त्यामुळे मावशी त्यांना नीट समजावून सांगायची आणि मलाही कळायचं. प्लांटमध्ये एक उंच खांब असतो आणि त्याच्या टोकाला कायम ज्योत पेटलेली असते. काही बिघडलं, वीज गेली, तर आत कोंडलेला गॅस त्या खांबाकडे वळवायचा आणि जाळून टाकायचा. त्याला फ्लेअर म्हणतात. आता आत जास्त गॅस खेळत होता, पण फ्लेअरकडे जाणारा पाइप जुनाच होता. अचानक वीज गेली आणि सगळा गॅस एकदम तिकडे धावला, तर तो त्या पाइपात मावणार नव्हता. आतल्या टाक्यांवर नको तेवढा दाब आला असता.

"मी गॅस पुढे कसा जाईल तेवढंच बघत बसले," मावशी म्हणाली. "निसटायची वेळ आली तर कुठून निसटेल, हे बघायचं राहिलं. रिपोर्टवर सही माझी आहे."

काकांनी ताकाचा पेला खाली ठेवला. "मग सांगून टाक. उद्यावर ढकललंस तर सोपं होणार आहे का?"

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. तिथलं बोलणं तिने घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. फ्लेअरचा पाइप रुंद होईपर्यंत गॅस कमी करा, असं तिने सुचवलं. साहेबांनी आधी हिशोब पुन्हा तपासायला सांगितला. तो तिने दोनदा तपासला होता. मग ते म्हणाले की वीज जाते कितीशी, आणि गेली तरी सगळं एकाच वेळी थोडंच बंद पडतं?

"तसं झालं नाही तर चांगलंच आहे, साहेब. पण झालं तर तिथे कोण उभं असेल ते मला माहीत आहे. रोज त्यांच्याबरोबर चहा पिते मी."

साहेबांनी समोरची फाईल मिटली. "वर काय सांगू मी?"

"माझी चूक झाली म्हणून सांगा. झालीच आहे."

गॅस कमी केला गेला. ज्यांनी कौतुक केलं होतं तेच आता कुजबुजू लागले की ताईंनी दिलं आणि ताईंनीच काढून घेतलं. शिफ्टचा प्रमुख तिचा जुना दोस्त, पण तोही काही दिवस चहाला वेगळ्या टेबलावर बसायला लागला. मावशीला ते लागलं. घरी ती कारण नसताना कपाटं आवरत सुटली.

पुढे एका दुपारी प्लांटची वीज खरंच गेली. सगळं एकदम बंद पडलं आणि फ्लेअर असा भडकला की त्याची घरघर आमच्या गल्लीपर्यंत ऐकू आली. फ्लेअरच्या पाइपातला दाब वर चढला, मर्यादेच्या जरा खाली थांबला आणि उतरला. कुणाला खरचटलंही नाही.

मी उत्साहाने म्हटलं, "म्हणजे तुझंच खरं ठरलं."

"ठरलं असं नाही म्हणता येणार," मावशी म्हणाली. "जास्त गॅस असता तर काय झालं असतं, ते करून थोडंच बघितलंय? हिशोब सांगतो की निभावलं नसतं. हिशोबही चुकतात." मग ती उठून आंघोळीला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढे मोठ्या दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवला तेव्हा फ्लेअरचा पाइप बदलला आणि गॅस परत वाढवला. साहेबांनी कधी माफी मागितली नाही, मावशीने तशी अपेक्षाही ठेवली नाही. पण त्यांची बदली दुसऱ्या प्लांटला झाली तेव्हा त्यांनी पहिला फोन तिला केला. तिथेही काहीतरी अडत होतं. घरापासून इतकं लांब कोण जाणार म्हणून ती रात्रीच्या जेवणापर्यंत कुरकुरली. मग काकांकडून मोठी बॅग माळ्यावरून काढून घेतली.