डावीकडे ओढणारी गाडी

भिंगबाईंना खऱ्या नावाने हाक मारणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही. कापडाच्या गिरणीत तपासणीच्या टेबलापाशी उभं आयुष्य गेलं, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग लोंबकळायचं, आणि तेच नाव होऊन बसलं. खालून दिवा लावलेल्या काचेवरून कापड सरकत जायचं. बाई त्यातली तुटलेली तार, गाठ, तेलाचा डाग हेरायच्या आणि खडूने गोल करायच्या. निवृत्त झाल्यावर भिंग खुंटीला टांगलं गेलं, नजर मात्र होती तिथेच राहिली. घरात आलेलं दूध वास घेतल्याशिवाय पातेल्यात जात नसे. डॉक्टरांनी दिलेली गोळीसुद्धा आधी उजेडात धरून पाहिली जायची. नवरा स्वभावाने मवाळ. तो येईल त्याला सांगायचा, "लग्न ठरलं तेव्हा हिच्याकडे भिंग नव्हतं, म्हणून मी पास झालो."

अशा बाईंनी जुनी गाडी विकत घ्यावी, आणि तीही सख्ख्या थोरल्या भावाकडून, हे ऐकून ओळखीतल्या सगळ्यांनाच मौज वाटली. कारण जगात बाईंचा सर्वांत कमी विश्वास कुणावर असेल तर तो दादावर. त्याला कारणही होतं. लहानपणी पेरूची वाटणी करताना दादा "कीड बघतो" म्हणून बहिणीच्या वाट्याचा एक घास आधी खायचा. आंधळी कोशिंबीर खेळताना फडक्याखालून बघायचा, आणि पकडलं की वर तोंड करून भांडायचा. बाईंनी तेव्हापासून एक खूण मनात पक्की करून ठेवली होती. खोटं बोलायच्या आधी दादा घसा खाकरतो. आजवर ती खूण एकदाही चुकली नव्हती.

गाडी मात्र देखणी होती. लांब नाक, गोल डोळ्यांसारखे दिवे, फिकट हिरवा रंग. असली गाडी बनणं बंद होऊन एक पिढी गेली. दादाने ती अगदी तळहातावरच्या फोडासारखी जपली होती. तरुणपणापासून बाई तिच्यात बसत आल्या, पण कायम मागच्या सीटवर. पुढे त्या स्वतः गाडी चालवायला शिकल्या, तरी दादाने स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. "तू आधी रस्ता तपासशील आणि मग गाडी पुढे नेशील," म्हणायचा.

तोच दादा एका सकाळी दारात येऊन म्हणाला, "ठमे, गाडी घेतेस का?"

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. "का रे? काय झालंय तिला?"

"डावीकडे ओढते. आपोआप जाते गं. नातीला शाळेत सोडायचं असतं मला. पोर शेजारी बसलेली असते, उद्या काही झालं तर तोंड कुठे दाखवू? मी छोटी नवी गाडी सांगून ठेवलीय. ही परक्याला द्यायला जीव होत नाही."

घसा खाकरला नव्हता. त्यामुळे बाई जास्तच अस्वस्थ झाल्या. तरी गाडीची हौस जुनी होती, म्हणून किल्ली घेतली. घेताना मनाशी एक गोष्ट ठरवून टाकली. या वेळीही दादाने फसवलं असेल तर पुन्हा त्याच्या घराची पायरी चढायची नाही. बहिणीला या वयातही गंडवणारा भाऊ असला काय आणि नसला काय. 

दुसऱ्या दिवसापासून तपासणी सुरू झाली. बाईंनी गाडीखाली जुने पुठ्ठे अंथरले आणि सकाळी उठून तेलाचा थेंब पडलाय का ते पाहिलं. पुठ्ठे कोरडे होते. तेलाची पट्टी बाहेर ओढून तेल दोन बोटांत चोळलं, कापडाचा पोत बघावा तसं. कचकच नाही, जळका वास नाही. रेडिएटरच्या पाण्यावर तवंग नाही. पायाखालचे गालिचे उचलून पत्र्यावर टॉर्च मारला, काठीला आरसा बांधून तळ पाहिला. वयाला शोभेल एवढाच गंज, तोही वरवरचा. गाडी एवढी निर्दोष म्हटल्यावर बाईंची खात्रीच पटली, की कुठेतरी पाणी मुरतंय.

मग त्या गाडी घेऊन मिस्त्रीकडे गेल्या. मिस्त्रीने चाकांची रेघ तपासली, चारही ब्रेक उघडले, पुढची चाकं अदलाबदल करून पाहिली आणि हात पुसत म्हणाला, "बाई, गाडी सरळ आहे. कुठे ओढत नाही."

हा मिस्त्री दादाचा जुना माणूस. बाईंनी तिथल्या तिथे ओळखलं, दोघांचं संगनमत आहे. त्या गावाच्या दुसऱ्या टोकाला, दादाला ओळखतही नसलेल्या मिस्त्रीकडे गेल्या. तोही तेच म्हणाला. शेवटी मोकळ्या मैदानावर गाडी नेऊन बाईंनी स्टिअरिंगवरचे हात उचलले. गाडी दोरी धरून आखल्यासारखी सरळ गेली. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा सरळ.

आता बाईंची झोप उडाली. विकणारा माणूस असलेला दोष लपवतो, हे त्यांना ठाऊक होतं. नसलेला दोष कोण सांगतो? याचं उत्तरही गिरणीनेच शिकवलं होतं. एखादा विणकर आपणहून जवळ यायचा आणि म्हणायचा, "बाई, इथे एक गाठ आहे बघा." अशा वेळी बाई गाठीकडे ढुंकूनही बघत नसत. ते बोट आपल्याला कशापासून दूर नेतंय, ते शोधत. दादाने "डावीकडे ओढते" अशी छोटी गाठ दाखवली होती, म्हणजे मोठं काहीतरी दडवलं होतं.

त्यांनी लोहचुंबक काढलं, रंगाला ओरखडा पडू नये म्हणून मऊ फडक्यात गुंडाळलं आणि गाडीच्या अंगावरून इंच इंच फिरवायला सुरुवात केली. पत्रा असेल तिथे चुंबक धरून ठेवतं, वरून लांबी, म्हणजे पोचा बुजवायचा लगदा, भरलेली असेल तिथे हात सैल पडतो. पुढच्या मडगार्डवर हात सैल पडला. बाईंनी खडूने गोल केला. दारावर एक जागा सापडली, तिथेही गोल. मागच्या दारावर दोन. डाव्या बाजूचा आरसाही नवा बसवलेला निघाला. टायरांच्या नक्षीवरची झीज सारखी होती, पण डाव्या टायरांच्या बाहेरच्या अंगाला दगडाने खरवडल्यासारखे चरे होते.

नवरा चहाचा कप घेऊन बाहेर आला. खडूचे गोल पाहून म्हणाला, "सगळे याच बाजूला दिसतात. त्या अंगाला?"

"एकही नाही."

"गिरणीत असं कापड आलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"डाग सारखे एकाच कडेला येत असतील तर कापडात दोष नाही, माग तपासा, असं म्हणाले असते," बाई म्हणाल्या. मग त्यांचे ओठ आवळले गेले. "माग कोण, ते कळलं मला. जागोजागी ठोकली, गुपचूप लांबी भरून घेतली, आणि आता गाडीवर आळ घेतोय. कुणाला इजा केली असेल तर? थांब, आजच काय तो सोक्षमोक्ष लावते."

फोन करून त्यांनी दादाला बोलावून घेतलं. तो आला तेव्हा गाडी तशीच उभी होती, डाव्या अंगभर खडूचे गोल मिरवत.

"किती ठिकाणी ठोकलीस?" बाईंनी विचारलं.

"मी?" दादाने गोलांकडे पाहिलं. "मी कशाला ठोकतोय? तुला सांगितलं ना, ती जाते डावीकडे. फाटकाला घासली, भिंतीला घासली. म्हणूनच तर काढली."

या वेळीही घसा खाकरला नाही.  बाईंनी किल्ली त्याच्या हातात ठेवली. "चालवून दाखव. मी शेजारी बसते. कशी ओढते ते मला डोळ्यांनी बघू दे."

दादा खुशीत स्टिअरिंगवर बसला. गाडी गल्लीतून निघाली. बाईंची नजर स्टिअरिंगवर, त्याच्या हातांवर, रस्त्यावर. आज हात कसे वळतात तेच पकडायचं होतं. दादा बोलत होता, "परवा येतेय नवी गाडी. नात आत्तापासून विचारते, आजोबा, मी पुढे बसणार ना? म्हटलं, तुझ्याशिवाय कोण बसणार?" बोलता बोलता गाडी हळूहळू कडेला सरकली आणि पदपथाच्या दगडाला डावं चाक खर्र करून घासलं. दादाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. पुढे एका दुकानाची पाटी पुसायला शिडी लावली होती आणि शिडीवर माणूस होता. शिडी डाव्या हाताला, भर उजेडात, लाल रंगाची. दादा आरामात तिच्याकडेच चालला होता. बाईंनी स्टिअरिंग धरून जोरात ओढलं. शिडी हातभर अंतराने मागे गेली, आणि वरचा माणूस ओरडत राहिला.

दादाने गाडी कडेला थांबवली. त्याचा श्वास फुलला होता, पण स्वरात समाधान होतं.

"बघितलंस? ओढली की नाही?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. दादा खरं बोलत होता. पहिल्या दिवसापासून खरंच बोलत होता. आयुष्यभर त्याला खोट्यात पकडायची वाट पाहिली, आणि आज त्यांना मनापासून वाटलं, हा खोटं बोलत असता तर किती बरं झालं असतं.

"दादा, तुला शिडी दिसली नाही."

"कुठली शिडी?"

"तुझ्या डाव्या डोळ्याला दिसत नाहीये."

दादा हसला, पण ते हसू टिकलं नाही. "झालं तुझं सुरू. गाडीत काही सापडेना, तर आता माझ्या डोळ्यात. लहानपणापासून माझ्यात खोट काढल्याशिवाय तुला चैन पडलेली नाही. मला लख्ख दिसतं. ही समोरची पाटी वाचून दाखवू?"

त्याने पाटी घडाघडा वाचून दाखवली.  बाईंनी इतकी वर्षं प्रत्येक गोष्टीवर संशय घेतला, त्याचं फळ हे, की खरा दोष सापडला तेव्हा त्यांचा शब्द कुणी खरा मानेना. आणि परवा ती पोर त्याच्या शेजारी, डाव्या बाजूला बसणार होती.

त्यांनी हात लांब करून तळवा अलगद त्याच्या उजव्या डोळ्यावर ठेवला.

"आता वाच."

 दादा कुरकुरला, "रडीचा डाव खेळू नकोस, ठमे. दोन्ही डोळे झाकलेस तर कसं वाचू?"

 दुसरा हात बाईंनी त्याच्या हातात दिला. दादाने तो चाचपला. बोटं चाचपली, मनगटावरचं घड्याळ चाचपलं. मग डोळ्यावरचा हात चाचपला, शेजारचा उघडा डावा डोळा चाचपला, आणि पुन्हा हातातला हात. त्यानंतर तो हलला नाही. शेजारून गाड्या जात राहिल्या.

बऱ्याच वेळाने त्याने घसा खाकरला.

"दिसतंय की थोडं थोडं," तो म्हणाला.

"हो," बाई म्हणाल्या. दादाच्या खोट्याला त्या पहिल्यांदाच हो म्हणत होत्या. त्यांनी हात काढून घेतला, खाली उतरल्या, वळसा घालून त्याच्या बाजूचं दार उघडलं. "सरक तिकडे. आधी डॉक्टरकडे जाऊ."

दादा मुकाट्याने पलीकडच्या सीटवर सरकला. बाईंनी गाडी सुरू केली.

"आणि पोरीची शाळा?" त्याने विचारलं.

"मी सोडेन."

"याच गाडीतून? नीट तपासलीस ना?"

"तपासली," बाई म्हणाल्या. "सरळ जाते."