वांकिडीच्या नंबराखालची ओळ

माझे नंबर तीन ठिकाणी विखुरलेले होते. काही सिमवर, काही जुन्या फोनमध्ये, काही मुलानं घेऊन दिलेल्या नव्या फोनमध्ये. ‘आसिफाबाद मामा’ आणि ‘मामा नवीन’ हे एकच गृहस्थ होते. एकदा काकांना मयतीचा निरोप द्यायला फोन लावला, तर तो गॅसवाल्याला लागला.

आदिलाबादच्या आमच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारी बाई फोनच्या कामात तरबेज. आमच्यासारखीच मराठी घरची, माहेर भैंशाचं. सकाळभर लोकांशी तेलुगूत बोलून झालं की डब्याच्या वेळी आम्ही दोघी मराठीत बोलायचो. माझे यजमान दवाखान्यात होते तेव्हा माझ्या वाट्याचं कामही तिनंच ओढलं होतं. ती म्हणाली, “ताई, फोन द्या इकडं. मी सगळं एका जागी करून देते.”

काही दुपारी बसून तिनं ते केलं, नंबर साठवायला माझ्या नावानं एक खातंही उघडून दिलं. माहेर, सासर, ऑफिस, असे गट पाडले. प्रत्येक नंबराखाली दोन ओळी लिहायला जागा असते, हेही तिनंच दाखवलं. “लिहून ठेवत जा. मंग कोनाले काय विचाराचं ते ध्यानात राह्यते.”

मला ते फार आवडलं. कुणाला साखर आहे, कुणाची पोर कितवीत आहे, सगळं लिहू लागले. वांकिडीला माझी मोठी मावसबहीण, अक्का, असते. तिच्या नंबराखाली लिहिलं, ‘मुलीची सोडचिठ्ठी झाली. अक्काच्या सासऱ्यांना माहीत नाही. जावयाचं विचारू नये.’ अक्कानं ते मला एका लग्नात, मांडवामागं नेऊन, माझा हात धरून सांगितलं होतं.

पुढं शेजारच्या बाईनं नणंदेबरोबर घरूनच वधूवर सूचक केंद्र सुरू केलं. आमच्या भागातल्या मराठी घरांसाठी. मी पेढे खाल्ले, शुभेच्छा दिल्या.

मग एका सकाळी अक्काचा फोन आला.

“तू कोनाले सांगितलं?”

“काय, अक्का?”

“एका बाईचा फोन आल्ता. माहे हात पिठात होते, म्हनून मामंजीनं उचलला, स्पीकरवर टाकला. ती म्हने, तुमच्या पोरीची सोडचिठ्ठी झाली ना, दुसरेपनाचं चांगलं स्थळ हाय. म्हातारा ताटावरून उठला. हे मी तुले एकटीलेच सांगितलं होतं.”

मी कुणालाच सांगितलं नव्हतं; फक्त फोनात लिहिलं होतं. ऑफिसात गेले आणि शेजारच्या टेबलाशी उभी राहिले.

“माझ्या फोनातलं तुमच्याकडे कसं आलं?”

ती गडबडली नाही. “खातं मीच बनवलं ना, ताई. ते माह्या फोनात पन राह्यलं. तुमी लिहिलं का इकडं पन दिसते.”

“राहिलं, की ठेवलं?”

“तुमी काऊन इतक्या रागावून राह्यल्या? पोरीचं भलंच झालं असतं. आपले लोक कुठं कुठं हायेत, कोनाच्या घरी काय हाय, हे तुमच्याइतकं कोनी लिहिलंय?”

म्हणजे ती मला लिहायला सांगत होती तेव्हाच तिच्या मनात हे होतं का? की नंतर सुचलं? मी विचारलं नाही. तिनं काहीही उत्तर दिलं असतं तरी मला ते खरं वाटलं नसतं. माझ्यासमोर तिनं ते खातं आपल्या फोनातून काढून टाकलं. आणखी कुठं उतरवून घेतलं असेल तर ते मला कसं कळणार?

रविवारी वांकिडीला गेले. अक्काचे सासरे ओसरीवर खाटेवर बसले होते. मी पाया पडले, ते दुसरीकडे बघत राहिले. माहेरपणाला म्हणून येऊन राहिलेली भाची आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. चुलीपाशी बसून मी अक्काला झालेलं सगळं सांगितलं. तिनं चहा गाळून माझ्यापुढं ठेवला.

“तू मुद्दाम केलं नाई, हे मले समजते,” ती म्हणाली. “पन आता तुले काई सांगाचं म्हनलं तं भेव वाटते.”

त्यानंतर ऑफिसात मी जागा बदलून घेतली. डबा एकटीच खाते. शेजारची ती बाई जिन्यात भेटली की अजूनही “बरं हाय ना, ताई?” म्हणते आणि मी मान हलवते. अक्का फोन उचलते. पाऊसपाणी, कापूस, तब्येत, सगळं बोलते. भाचीला निर्मलला नोकरी लागल्याचं मात्र मला वांकिडीहून आलेल्या एका नात्याबाहेरच्या माणसानं बस स्टँडवर सांगितलं. तोवर तिला तिथं जाऊन बरेच दिवस झाले होते.